एकच चकती न्या, बाकीची पोरं येतातच

गेल्या अंकात विचारलं होतं की सुट्टीत पोरांना घराबाहेर कसं काढता, तर पत्रं नि मेसेज धो धो आले आणि त्यातले बरेचसे फिरून फिरून फ्रिसबीवरच, म्हणजे हाताने फिरवून फेकायच्या त्या प्लास्टिकच्या चकतीवरच येत होते, म्हणून यावेळचा सगळा कॉलम तिलाच देऊन टाकलाय. क्रिकेटवाल्यांनी रागावू नये, तुम्हाला वर्षभर सगळीच मैदानं मोकळी असतात.

प्रश्न : आमची बदली होऊन आम्ही रत्नागिरीला आलोय. मुलगा आठ वर्षांचा. रोज संध्याकाळी बागेत नेते, पण तो माझ्या शेजारी बाकड्यावर बसून राहतो. बाकीच्या पोरांचे ग्रुप आधीच ठरलेले. जा खेळ म्हटलं की म्हणतो तू चल. मिस्टर म्हणतात मोठी रिमोटची गाडी घेऊ, मग पोरंच त्याच्याकडे येतील. घेऊ का?
*– एक आई, रत्नागिरी*

उत्तर : गाडी नको. पोरं येतील हे खरंय, पण बघायला येतील. रिमोट एकाच्या हातात आणि बाकीचे सगळे मागे मागे ‘मला दे ना एकदा, मला दे ना’, मग तुमचा मुलगा एक तर मालक होणार नाही तर रिमोट दुसऱ्याच्या हातात देऊन रडवेला होणार, दोन्हीत मैत्री काही होत नाही, आणि चार्जिंग संपलं की सगळे आपापल्या घरी.

फ्रिसबी घ्या. आणि एकच घ्या, दोन नको. कारण सांगते. बॉल भिंतीवर मारला तर परत येतो, सायकल एकट्याला चालवता येते, भोवरा तर एकट्याचाच. चकती एकदा हातातून सुटली की समोर कुणीतरी लागतंच. सुरुवातीला ते कुणीतरी म्हणजे तुम्ही. तो म्हणतोय ना तू चल, मग चला की, पदर खोचा नाही तर ओढणी बांधा आणि उभ्या राहा समोर.

आता गंमत अशी की नवशिक्याची फ्रिसबी सरळ जात नाही. लोक याला कटकट म्हणतात, मला विचाराल तर या खेळण्याचा सगळ्यात मोठा गुण तोच. ती तुमच्याकडे यायची सोडून कुठेतरी तिसरीकडेच जाते, कुणाच्या तरी पायाशी पडते, आणि पायाशी पडलेली चकती हातात आणून देणारं पोर विरळाच, फेकूनच देणार. त्याचीही वाकडी जाणार, मग ते म्हणणार ‘थांबा थांबा, अजून एकदा’. झालं काम. नाव-गाव विचारावं लागत नाही, ते दोन दिवसांनी आपोआप कळतं. ‘जा, त्यांना विचार मला खेळायला घेता का’ हे आपण सहज बोलून जातो हो, पण ते पोराला फार जड जातं, आपण नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी डबा घेऊन कुणाच्या टेबलावर बसायचं म्हणून घुटमळतो ना, तेच. इथे विचारायचंच नाही, चकतीच जाऊन विचारून येते.

उभं कुठे राहायचं ते मात्र बघा. झोपाळे-घसरगुंडीजवळ नको, तिथे बारकी पोरं धावत असतात आणि चकतीची कड तोंडावर बसली तर लागतं. आडोशाला कोपऱ्यातही नको. पोरांची ये-जा असते त्या बाजूला, एकमेकांपासून पाच-सहा पावलांवर. तिसरा आला की त्रिकोण करा, चौथा आला की तुम्ही पाणी प्यायच्या निमित्ताने बाजूला व्हा आणि परत जाऊच नका. बाकड्यावरून ‘अरे असं नाही, मनगट वळव’ वगैरेही नको, कोच दिसला की पोरं पांगतात.

आणि घरून निघतानाच त्याला सांगून ठेवा की बागेत गेली की चकती सगळ्यांची. खालच्या बाजूला मार्करने नाव लिहा म्हणजे राखत बसायला नको. गाडीचे पैसे वाचले त्याचं काय करायचं ते मिस्टरांना ठरवू दे.

प्रश्न : मे महिन्यात आमच्या वाडीत मुंबई-पुण्याची पोरं येतात. ती ओटीवर मोबाइल घेऊन आणि वाडीतली पोरं समुद्रावर क्रिकेट. एकत्र खेळवायला गेलं तर ती म्हणतात बॅट आमची, ही म्हणतात पिच आमची, आणि मुलींना दोघंही सुरूच्या बनाकडे उभं करतात, बॉल आणायला. काही उपाय?
*– मामी, गुहागर*

उत्तर : अहो मामी, यात पोरांची चूक नाही, क्रिकेटचीच अडचण आहे ती. वाडीतला पोरगा पुळणीवर रोज खेळतो, त्याच्यासमोर मुंबईचा जो सोसायटीत अंडरआर्म खेळतो तो पहिल्याच बॉलला जाणार, मग बॅट माझी म्हणून रुसणार. फ्रिसबी बहुतेकांनी आधी हातात धरलेली नसते त्यामुळे सगळे शून्यापासून सुरू होतात, आणि ज्या मुलीला तुम्ही बनाकडे उभी करता तीच दोन दिवसांत सगळ्यात चांगली कॅच घेताना दिसेल, लिहून ठेवा.

याचा एक रीतसर सांघिक खेळ आहे, अल्टिमेट म्हणतात. 1968 साली अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या मेपलवूड गावच्या कोलंबिया हायस्कूलमध्ये पोरांनीच सुरू केला, जोएल सिल्व्हर नावाच्या विद्यार्थ्याने, जो पुढे हॉलिवूडचा मोठा निर्माता झाला. शाळेच्या पार्किंगमध्ये खेळायचे, त्यामुळे मैदान नाही ही सबब आपल्याला नाहीच. एका बाजूला सात जण, पुळणीवर खेळला तर पाच पुरतात. चकती हातात आली की पळायचं नाही, एक पाय रोवून उभं राहायचं आणि दहा सेकंदांत दुसऱ्याला द्यायची. खाली पडली की समोरच्यांची. समोरच्या टोकाच्या पट्ट्यात आपल्या माणसाने पकडली की पॉइंट. धक्काबुक्की बंद. मुलगे-मुली मिळून खेळायचा प्रकार तर अधिकृतच आहे, चार-तीन असे, आणि 2001 पासून वर्ल्ड गेम्समध्ये (ऑलिंपिकमध्ये नसलेल्या खेळांची जागतिक स्पर्धा) तो खेळला जातो. आपल्याकडे चेन्नई, बंगळुरू, अहमदाबादकडे चांगल्या टीम आहेत.

पण मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की अंपायर नसतो. अगदी जागतिक स्पर्धांमध्येसुद्धा फाउल खेळाडूच सांगतात आणि आपापसात मिटवतात. एकजण म्हणाला फाउल, दुसरा म्हणाला नाही, दोघंही ऐकेनात, तर चकती आधी ज्याच्या हातात होती त्याच्याकडे परत जाते आणि पुन्हा सुरू. बस. तुमच्या पोरांना हा एवढा एकच नियम घट्ट सांगा. पहिल्या संध्याकाळी अर्धा वेळ वादातच जाईल, जाऊ दे, तुम्ही मध्ये पडू नका, मामीने निकाल दिला की तो कायमचा मामीकडेच मागायला येतात.

तुमच्यासाठी थोडं सोपं करून सांगते. चार चपला चार कोपऱ्यांना. मुंबई विरुद्ध वाडी अशा टीम अजिबात नाही, चिठ्ठ्या टाका. आणि एक घरचा नियम घाला की पॉइंटच्या आधी चकती टीममधल्या प्रत्येकाच्या हातातून एकदा गेली पाहिजे, मग कुणालाच बनाकडे उभं करता येत नाही. वेळ ओहोटीची निवडा, ओल्या घट्ट वाळूवर पाय रुतत नाहीत. तुमच्या किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांसाठी कुंपण घातलेलं असतं, मेपर्यंत पिल्लं निघत असतात, त्याच्यापासून लांब खेळा आणि चकती आत गेलीच तर पोरांना आत सोडू नका, तिथल्या राखणदाराला सांगा.

प्रश्न : आमच्या येळार लगोरी, विटीदांडू, आबाधुबी सगळा होता. खळ्यात पोरां मावत नव्हती. आता नातू ही प्लास्टिकची चकती घेऊन येता. माका एक सांगा, ह्या चकतीत असा काय आसा जा लगोरीत नाय?
*– एक आजोबा, मालवण*

उत्तर : आजोबा, खरं सांगायचं तर लगोरीत जे आहे ते चकतीत नाही. लगोरी फोडल्यावरचा तो आरडाओरडा, पाठीत बसलेला बॉल, रचता रचता परत कोसळणं, ते दुसऱ्या कुठल्या खेळात मिळत नाही आणि नातवाला ती शिकवायची जबाबदारी तुमची. फक्त लगोरीला आधीच आठ-दहा पोरं जमलेली लागतात. तुमच्या वेळी ती खळ्यात होतीच, आता जमवावी लागतात हा फरक. चकती दोघांत सुरू होते आणि गर्दी ती जमवते. मग जमलेल्या पोरांना तुम्ही लगोरी दाखवा ना, कोण नाही म्हणेल?

बाकी ती प्लास्टिकची असली तरी जन्म स्वयंपाकघरातलाच आहे तिचा. वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन नावाचा अमेरिकन माणूस, तो आणि त्याची होणारी बायको 1937 साली पॉपकॉर्नच्या डब्याचं झाकण एकमेकांकडे फेकून खेळत होते, झाकण ठोकर खाऊन वाकडं झालं तर केकचं भांडं घेतलं. सांता मोनिकाच्या समुद्रावर ते खेळताना बघून एकजण म्हणाला मला विकत दे, 25 सेंट देतो. भांडं दुकानात 5 सेंटला मिळायचं! तिथून धंद्याची आयडिया. महायुद्ध झाल्यावर 1948 मध्ये प्लास्टिकची चकती आली, 1957 मध्ये वॅम-ओ कंपनीने हक्क घेतले आणि त्याच वर्षी फ्रिसबी नाव दिलं, तेही कनेटिकटमधल्या फ्रिस्बी नावाच्या, ‘पाय’ (आत सारण भरून भाजलेला तिकडचा पदार्थ) बनवणाऱ्या बेकरीवरून, कारण तिकडची कॉलेजची पोरं पाय खाऊन झाला की त्याची पत्र्याची थाळी फेकत बसायची. म्हणजे पोरं तिथलीही आपल्यासारखीच, हाताला लागेल ते फेकणार.

आणि घरात आजी असतील तर त्यांना विचारा, शाळेत रिंग खेळल्या असतील बघा. ती रबरी रिंग, टेनिकॉइट. तो खेळही जहाजांच्या डेकवरून जमिनीवर आलेला. ज्यांनी रिंग झेललीये त्यांना फ्रिसबी झेलायला वेळ लागत नाही, तेव्हा नातवाच्या समोर आधी आजींना उभं करा, तुम्ही नंतर.

प्रश्न : मी कॉलेजला आहे, आम्ही मित्र संध्याकाळी बीचवर फ्रिसबी खेळतो. माझी दर वेळी उजवीकडे कलंडते आणि उभी होऊन घरंगळत जाते. आणि वारा असला की तर विचारूच नका. लहान भावंडं हसतात.
*– दापोली तालुका*

उत्तर : भावंडांना हसू दे, ती हसतायत म्हणजे खेळात आहेत. तू उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात अंगासमोरून डावीकडे नेऊन, फेकतोस असं धरून सांगते. सोडताना चकतीची बाहेरची कड, म्हणजे तुझ्या हातापासून लांबची, ती वर राहत्येय. ती मुद्दाम जरा खाली झुकवून सोड. अंगठा वर, बाकीची बोटं खाली कडेला वळवून, हवं तर तर्जनी कडेला टेकव. ताकद दंडातून नको, शेवटी मनगटाचा झटका हवा. चकतीला हवेत धरून ठेवते ती फिरकी. पंखासारखा आकार तिला वर उचलतो खरा, पण फिरकी कमी असली की तोल जातो आणि कलंडते. जोर लावणारा आणि फिरकी न देणारा प्रत्येकजण तुझ्याचसारखा चकतीमागे पळतो.

आता वारा. आपल्याकडे दुपारपासून समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि संध्याकाळी खेळायच्या वेळेला तो चांगला जोरात असतो. वाऱ्याच्या तोंडावर फेकलीस की चकती वर चढते, थांबते आणि मागे येते, म्हणून तिकडे खालून, सपाट आणि भरपूर फिरकीची फेक. वारा पाठीशी असला की ती दाबली जाऊन लवकर पडते, तेव्हा पुढची कड किंचित वर. वारा आडवा असेल तर खालची बाजू त्याला दाखवायची नाही, नाहीतर उचलून नेतो.

सोपा मार्ग हवा असेल तर सकाळी लवकर जा, वारा मंद असतो. पण एक धोका नीट ऐक. पहाटे-सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, मतलई, मच्छीमार कुणी ओळखीचा असेल तर त्याला विचार. सुटलेली चकती तो सरळ पाण्यावर नेतो. म्हणून सकाळी पाण्याकडे तोंड करून फेकायचं नाही, किनाऱ्याला समांतर उभं राहायचं. आणि गेलीच पाण्यात तर गेली, गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊन चकती आणायची नाही. ओहोटीला तर नाहीच. शे-दोनशेच्या प्लास्टिकसाठी जीव घालवायचा नाही, हे भावंडांनाही सांगून ठेव, कारण चकतीमागे पहिली तीच पळतात. पावसाळ्यात समुद्रावर नकोच, शाळेचं मैदान बघा.

प्रश्न : बाजारात वीस प्रकारच्या दिसतात. कुठली घ्यायची? माझी एक सहा वर्षांची आणि एक बारा वर्षांचा.
*– वेंगुर्ला*

उत्तर : धाकटीला कापडी नाही तर मऊ रबराची. लांब जात नाही पण लागत नाही, आणि त्या वयात लागलं की पोर परत चकतीकडे बघत नाही. मोठ्याला 100 ते 140 ग्रॅमच्या आसपासची. 175 ग्रॅमची जी येते ती स्पर्धेची, मोठ्यांची, साधारण 27 सेंटिमीटर रुंद, वाऱ्यात तीच टिकते, पण दहाच्या आतल्या पोराच्या बोटांना जड जाते. दोघं एकत्र खेळणार असतील तर मऊच घ्या, मोठ्याला पटणार नाही, तरी.

जाहिरातीत फुकट मिळतात त्या पातळ, सपाट चकत्या घेऊ नका, उडत नाहीत आणि पोरांना वाटतं आपल्यालाच येत नाही. हातात घेऊन कड बघा, ती जाडसर आणि खाली वळलेली हवी. वरून बोट फिरवलंत तर बऱ्याच चकत्यांवर गोल गोल बारीक रेघा लागतील, त्या नुसत्या डिझाइनच्या नाहीत. एड हेड्रिक नावाच्या माणसाने त्यांचं पेटंट 1967 मध्ये घेतलं, त्यामुळे चकती हवेत स्थिर राहते. याच माणसाने पुढे चकती साखळ्यांच्या टोपलीत टाकायचा डिस्क गोल्फ उभा केला, आणि 2002 मध्ये वारल्यावर त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा नव्या चकत्यांच्या प्लास्टिकमध्ये मिसळली. घ्या! आपल्याकडे टोपल्या नाहीत पण माड आहेत, या माडाला लागली की पुढच्या माडाकडे, किती फेकीत पोचलो ते मोजायचं, बारा वर्षांच्या पोराला हे फार आवडेल. फक्त नारळ तयार झालेले असतील त्या माडांखाली नको.

रंग केशरी किंवा पिवळा. पांढरी वाळूत आणि हिरवी गवतात सापडत नाही. उन्हात गाडीत ठेवू नका, वाकते. आणि स्टीलच्या ताटलीने काम भागवायचा कुणी सल्ला देईल, तो ऐकू नका, कपाळ फुटेल.

प्रश्न : आमच्या बागेत ‘बॉल खेळण्यास मनाई’ अशी पाटी आहे. वॉचमन फ्रिसबीलाही हाकलतो. चकती म्हणजे बॉल आहे का?
*– अलिबाग तालुका*

उत्तर : नाही, पण वॉचमनशी हा वाद घालून कुणी जिंकलेलं नाही. त्याची भीती खरी असते, एखाद्या आजोबांच्या चष्म्याला लागली की बोलणी तोच खातो. मऊ चकती आधी त्याच्याच हातात द्या, बघू दे दाबून. मग विचारा कुठल्या कोपऱ्यात आणि किती वाजता चालेल. सकाळी बाग रिकामी असते तेव्हा बहुतेक हो म्हणतात. त्याच्याकडे एक आली तर त्यालाही फेकू द्या, नियम जरा सैल होतात.

प्रश्न : चकती शेजाऱ्यांच्या कौलांवर गेली तर?
*– देवगड तालुका*

उत्तर : काठीने ढकलू नका, कौल सरकलं की पावसाळ्यात गळणार आणि तुमचं नाव वर्षभर निघणार. ज्याने फेकली त्याने जाऊन सांगायचं, सगळ्यांनी मागे उभं राहायचं. शेजारी रागावतील, मग शिडी आणतील. शिडीवर मोठ्या माणसाने चढायचं, पोरांनी नाही. आणि माडावर अडकली असेल तर दगड मारत बसू नका, पाडेली नारळ काढायला येईल तेव्हा त्याला सांगा, तोवर दुसरी आणा.